बोकोबाची नखं

मांजर चालताना आवाज येत नाही. म्हणून त्या सकाळी दुकानात माझ्या पाठीमागे टिक्, टिक् असं वाजायला लागलं तेव्हा मांजर माझ्या मनातसुद्धा आलं नाही. वाटलं, भिंतीवरचं एखादं घड्याळ बिघडलं. सांगलीत गणपती पेठेत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानातली सगळी टिकटिक मला पाठ आहे. कुठल्या घड्याळाची चावी उतरत आलीय, कुठला लंबक एका अंगाला कललाय, हे मी मान वर न करता सांगतो. हा आवाज त्यातला नव्हता. त्याला ताल नव्हता. दोन टिक् लागोपाठ, मग एक रेंगाळलेली, मग काहीच नाही. डोळ्यावरचं भिंग काढून वळलो तर आमचा बोकोबा शहाबादी फरशीवरून माझ्याकडे येत होता आणि पुढचा उजवा पाय टेकवताना जरा थांबत होता. त्याची नखं वाढली होती. ती फरशीवर वाजत होती. म्हाताऱ्या मांजराला नखं पुरती आत ओढून घेता येत नाहीत म्हणे. मी नुसता बघत राहिलो आणि मला एकदम कळलं, की हिला जाऊन पुष्कळ दिवस झाले. दिवाळीच्या आधी ती गेली. आता बाजारात आंब्याच्या पेट्या आल्या होत्या. दिवस, तेरावा, महिन्याचं श्राद्ध, सगळं झालं, आणि प्रत्येक वेळी मी भटजी सांगतील तिथे पाणी सोडलं. पण आत कुठे काही पोचलं नव्हतं. जी बाई नखं काढायची ती घरात नसली की नखं वाढतात. इतकी साधी गोष्ट होती, आणि मी हातातला चिमटा खाली ठेवला.

ही म्हणजे गोदावरी, माझी बायको. बोकोबा तिचा. पावसात भिजलेलं पिल्लू तिने पदराखालून घरात आणलं होतं आणि मी नाक मुरडलं होतं, कारण केस उडतात आणि उडालेला केस घड्याळाच्या चक्रात गेला की घड्याळ बसतं. तिने ऐकलं आणि मांजर वरच्या मजल्यावर ठेवलं. आमचं बिऱ्हाड दुकानाच्या वरच. दर काही दिवसांनी, सकाळची भांडीकुंडी झाली की, ती खिडकीपाशी उजेडात त्याची नखं काढायला बसायची. शनिवार सोडून. शनिवारी माणसाने नखं काढू नयेत, मग मांजराने तरी का काढावीत, असं तिचं म्हणणं. मी चुकून वर गेलो तर म्हणायची, "अहो, तुम्ही खाली जा बघू. तो तुमच्यासमोर पाय देत नाही." दार लावून घ्यायची. मी खाली यायचो आणि मांजराला आपण आवडत नाही एवढंच मनाशी धरून कामाला लागायचो. वर काय चालायचं ते मला कधी दिसलं नाही. दार उघडलं की बोकोबा ऐटीत बाहेर यायचा, अंग ताणायचा आणि आवाज न करता जिना उतरायचा.

त्या दुपारी दुकानाची फळी लावून मीच बसलो. म्हटलं, केसाएवढी स्प्रिंग उचलणारा हात आपला, मांजराची नखं ती काय. नेलकटर घेतला. बोकोबाला मांडीवर घेतला तर त्याने पाय पोटाखाली दडवले. पाय ओढला तर त्याने तो सोडवून घेतला, रागाने नाही, नको त्या माणसाने हात धरल्यावर सोडवून घेतात तसा. मग मी त्याला पंच्यात गुंडाळला. तो गुरगुरला, मी दटावला, आणि त्या झटापटीत, अर्धवट उजेडात, एक नख मी जास्त कापलं. रक्त आलं. थेंबभरच, पण तो जो ओरडला तो आवाज मला सहन झाला नाही. दाढीच्या पेटीतली तुरटी आणून दाबून धरली तेव्हा रक्त थांबलं. तो माळ्यावर जाऊन बसला. रात्रीच्या दुधालाही उतरला नाही. मी खाली उभा राहून हाका मारत होतो, "बोकोबा, ये रे," आणि वरून दोन डोळे माझ्याकडे न बघता पलीकडे बघत होते. मी तिचा कुणी नव्हेच, असं मला वाटून गेलं. खरं म्हणजे भीती वेगळीच होती. त्याच्या पायाच्या आतल्या अंगाला, अंगठ्यासारखं जे वेगळं नख असतं, त्याची कडी होत आली होती आणि टोक मऊ गादीत रुतायला लागलं होतं. ते तसंच राहिलं तर पाय पिकेल. आणि मला ते जमत नव्हतं. तिला ओळखणारे त्या घरात आम्ही दोघेच उरलो होतो, मी आणि तो. त्यातला एक मला आता ठेवता येणार नव्हता.

शरयू, माझी मुलगी, साताऱ्याला दिली आहे. तेराव्याला ती म्हणालीच होती, "अण्णा, बोकोबाला मी नेते. तुम्हाला त्याचं करवणार नाही." तेव्हा मी चिडलो होतो. लहानपणी आईच्या शेजारी बसून बोकोबाचे मागचे पाय धरायचं काम तिचंच असे, त्या बंद दाराच्या आतली ती. म्हणून एका सकाळी मी त्याला वेताच्या करंडीत घातलं, झाकण सुतळीने बांधलं आणि स्टँडवर गेलो. ठेवून यायचं असंच ठरवलं होतं. तिकडे अंगण आहे, चिमण्या आहेत, त्याचं म्हातारपण बरं जाईल, असं मी मनात घोकत होतो. स्वतःला समजावताना माणूस किती गोड बोलतो. रेल्वेचा संप चालू होता, त्यामुळे एसटीला ही गर्दी. खिडकीची जागा मिळाली ती एका उंब्रजच्या पाहुण्याने सरकून दिली म्हणून. नाथाजी त्यांचं नाव. डोक्याला फेटा, मांडीवर कसल्याशा रोपांची जुडी.

"पाटीत काय हाय वो? कोंबडा?" त्यांनी विचारलं.

"मांजर आहे."

"मांजर!" त्यांनी करंडीला कान लावला. आतून बोकोबाने एक नाराज सूर काढला. "आन् ते कुटं न्हेताय?"

"साताऱ्याला. नखं काढायला."

नाथाजींनी माझ्या टोपीपासून चपलांपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. मग पुढच्या बाकावरच्या माणसाच्या खांद्यावर हात मारून म्हणाले, "ऐकलंस का गड्या? ह्ये पावनं मांजराची नखं काढाय साताऱ्याला निघाल्यात. सांगलीत न्हावी मिळंना म्हणं." अख्खी गाडी हसली. मीही हसलो. किती दिवसांनी हसलो ते मलाच कळेना. हसू ओसरल्यावर ते जरा कानाशी येऊन म्हणाले, "न्हाई, पर एवढा खर्च करून? कुणाचं हाय मांजर?"

"मंडळींचं होतं."

'होतं' हे त्यांनी बरोबर ऐकलं. त्यांनी आपली जुडी पायाशी ठेवली आणि म्हणाले, "द्या ती पाटी हिकडं. तुमचं पाय अवघडलं आसतील." करंडी त्यांनी मांडीवर घेतली आणि उंब्रज येईपर्यंत ऊन लागेल तसा पंच्याचा पदर तिच्यावर सारत राहिले.

आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. दोन्हीकडे उसाचं हिरवं आणि वर पांढरं झालेलं ऊन. माझे हात मोकळे होते आणि मोकळ्या हातांना तिचा हात आठवला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिची नखं वाढली होती. पांघरुणात अडकायची. मी घरून नेलकटर आणला आणि कॉटशेजारी स्टुलावर बसून तिची नखं काढली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा हात इतका वेळ माझ्या हातात पहिल्यांदाच राहिला असेल. आमच्या काळी नवरा-बायको एकमेकांचे हात धरत नसत. ताट समोर ठेवलं जायचं, पाण्याचा तांब्या खाली ठेवून पुढे सरकवला जायचा. मी एकेक बोट उलगडत होतो आणि ती बघत होती. "सांभाळून हं," ती म्हणाली, "पांढरं असतं तेवढंच घ्यायचं. गुलाबी दिसलं की थांबायचं." मी म्हटलं, "घड्याळजीला शिकवतेस?" ती हसली. हसताना तिला धाप लागायची. मग तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, ओठ हलले, काहीतरी मोठं बोलायचं असावं असा चेहरा झाला, आणि शेवटी म्हणाली, "अहो." एवढंच. मी "काय गं?" म्हटलं तर मान हलवली. त्या 'अहो'च्या मागे काय होतं ते मी किती वेळा मनात उघडून पाहिलं. घड्याळ उघडलं की दोष सापडतो. ते मात्र काही सापडेना. कऱ्हाडला गाडी बराच वेळ थांबली, मी खाली उतरून चहासुद्धा घेतला नाही.

शरयूचं घर मंगळवार पेठेत, दोन पायऱ्या चढून ओटी, आत माजघर, मध्ये जाड कापडाचा पडदा. जावई, मधुकरराव, कचेरीत गेले होते. शरयूने मला पाणी दिलं, चहा टाकला, आणि करंडीची सुतळी सोडताना ती अगदी लहान मुलीसारखी म्हणाली, "आलास होय रे म्हाताऱ्या?" बोकोबा बाहेर आला, तिचा हात हुंगला आणि तिच्या कोपराला डोकं घासायला लागला. मला हेवा वाटला. मुलीचा हेवा, आणि मांजराचाही. मी म्हटलं, "शरयू, तू म्हणाली होतीस ना, ठेवून घे त्याला. माझ्याच्याने होत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं, त्याचा पाय उचलून ते कडी झालेलं नख पाहिलं. "अगंबाई," ती म्हणाली. "आधी हे काढू. मग बाकीचं बोलू. तुम्ही बसा अण्णा इथेच. तो तुमच्यासमोर पाय देत नाही." हेच वाक्य, हाच ठेका. ती त्याला घेऊन आत गेली आणि पडदा सोडला.

मी ओटीवर बसलो. बशीत चहा ओतला. समोर रस्त्यावर एक बाई घागर कडेवर घेऊन चालली होती, पलीकडे कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. आत लुगड्याची सळसळ झाली, खिडकीचं दार करकरत उघडलं. आणि मग माझ्या बायकोचा आवाज आला.

"चिंतामण, हात दे बघू. दे रे. असं काय करतोस? शहाणा ना तू माझा?"

बशी माझ्या हातात तशीच राहिली. चिंतामण म्हणजे मी. आवाज शरयूचा होता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मुलीचा आवाज आईच्या वळणावर जातो, त्यात नवल ते काय. पण शरयू मला नावाने हाक मारणार नाही, अरे-तुरे तर जन्मात करणार नाही. मग हे बोलतंय कोण? आतून पुन्हा आलं, आता अगदी हळू, लाडात, "चिंतामण... हां, अस्सा. झालं हं, झालं." आणि कट् असा एक छोटा आवाज. मला चिंतामण म्हणणारं आता जगात कुणी नाही. आई गेली तेव्हाच ते नाव बंद पडलं. पेठेत मी वाळिंबे, गिऱ्हाइकांना घड्याळवाले, मुलीला अण्णा, आणि हिला 'अहो'. मंगळागौरीला बायका जमल्या की ती उखाण्यात नाव घ्यायची, पण ते 'चिंतामणराव', चारचौघींसाठी, यमक जुळवून, मान खाली घालून. ते ऐकायला मी दुकानातून जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहायचो, आणि तरीही ते मला पुरायचं नाही. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही हरिपूरला संगमावर जाऊन परतत होतो. दोन्ही बाजूंना चिंचा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, एकदा माझं नाव घे. नुसतं. राव नको, उखाणा नको. ती लाजली, मग घाबरली. "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं," म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे दोन दिवस कमी, त्यात काय. तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, रस्त्यात, दिवसाउजेडी, आणि तिचे डोळे भरून आले. पुन्हा मी विचारलं नाही. पण कान लावून राहिलो. जन्मभर राहिलो. ती झोपेत बडबडायची तेव्हासुद्धा.

मी उठलो आणि पडदा बाजूला केला. शरयू खिडकीशी मांडी घालून बसली होती, मांडीवर जुन्या लुगड्याच्या घडीत बोकोबा, त्याचा पुढचा पंजा तिच्या तळहातावर. तो तिथे विसावला होता. मला बघून तिचा चेहरा लाल झाला. तिने जीभ चावली.

"अण्णा, तुम्ही ऐकलंत?"

"कोण म्हणायचं असं?"

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" ती पंजाकडे बघत बोलायला लागली. "आईच. अगदी पिल्लू होता तेव्हापासून. नखं काढताना त्याला हेच नाव. एरवी बोकोबा. दार त्यासाठीच लावायची. मला शपथ घातली होती, अण्णांना सांगशील तर बघ. आता दुसऱ्या नावाने तो पायच देत नाही, मी तरी काय करू?"

"पण का?"

"विचारलं होतं मी एकदा. हसली. म्हणाली, ह्यांच्या आयुष्याला धक्का नको आणि माझ्या जिभेला उपास नको."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मी खाली स्प्रिंगा जुळवत होतो आणि डोक्यावर, एका लाकडी तक्तपोशीच्या अंतरावर, ती माझ्याशी बोलत होती. दे रे, म्हणत होती. शहाणा ना तू माझा, म्हणत होती. अरे म्हणत होती मला. इतकी वर्षं. मध्ये होतं काय, तर चार फळ्या आणि दुकानातली टिकटिक. एकदा सगळी घड्याळं थांबवली असती तर ऐकू आलं असतं. मी तिला किती हवा होतो हे त्या बोक्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. शरयू उठू लागली तर मी हाताने बस म्हटलं. ती तिच्याच पद्धतीने मला सावरायला गेली, म्हणजे कामाला लावलं. "या इकडे," ती म्हणाली, "बघा किती सोपं आहे. बोटाच्या गादीला खालून जरा दाबायचं, वरून अंगठा, की नख आपोआप बाहेर येतं. ओढायचं नाही. आता उजेडाकडे धरा. आत गुलाबी रेघ दिसते?"

दिसत होती. पांढुरक्या नखाच्या आत बारीक गुलाबी शीर, आणि ती जिथे संपत होती तिथून पुढे नुसतं कोरडं टोक. भिंगाची गरजच नव्हती. "तिथवर जायचंच नाही," शरयू सांगत होती, "टोक तेवढं घ्यायचं. आणि एका बैठकीत सगळे पाय झालेच पाहिजेत असं नाही. कंटाळला की सोडायचा." कडी झालेलं नख तिने आधीच काढलं होतं; गादीवर नुसता लाल ठसा राहिला होता. तिने नेलकटर माझ्या हातात दिला आणि बोकोबाला माझ्या मांडीवर सरकवलं. त्याने लगेच पाय आत घेतले. "नाव घ्या," शरयू म्हणाली आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली.

स्वतःला स्वतःच्या नावाने हाक मारायची म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही. घसा दोनदा साफ केला. "चिंतामण," मी म्हटलं. माझाच खरखरीत आवाज, गिऱ्हाइकाला बिल सांगावं तसा. बोकोबाचे कान फिरले. "चिंतामण, हात दे रे." जरा वेळ काही झालं नाही. मग त्या म्हाताऱ्या बोक्याने पोटाखालून पाय काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. किती हलका होता. मी गादी दाबली, नख बाहेर आलं, उजेडात रेघ पाहिली, टोक घेतलं. कट्. त्याने डोळे मिटले. मी दुसरं घेतलं. तेही अगदी हवं तिथे तुटलं, असं की शरयूने घेतलेल्या नखांपेक्षाही नेटकं. "बघा!" ती टाळी वाजवायची तेवढी राहिली. "जमलं की तुम्हाला! मग आता इथे कशाला ठेवताय त्याला? घरी घेऊन जा, महिन्यातून एकदा असंच करा, झालं."

तिचं बरोबर होतं. मांजर माझं राहिलं होतं. ज्यासाठी मी निघालो होतो त्याची गरजच संपली होती, मला हसत घरी जाता आलं असतं. बोकोबा मांडीवर घुर्र घुर्र करत होता. मी नेलकटर जमिनीवर ठेवला.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं.

"अहो, आत्ता तर—"

"डोळ्यांना दिसत नाही नीट. ती रेघ मला दिसलीच नाही. अंदाजाने कापलं." मी तिच्याकडे न बघता बोलत होतो. "त्याला मी घरी नेतो. पण नखं तूच काढ. मी आणत जाईन महिन्याच्या महिन्याला. एसटी आहे की."

मी कापलेली ती दोन टोकं शरयूने उचलली, तळहातावर घेतली आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईसारखीच ती, न बोलता सगळं बघते.

"बरं," ती म्हणाली. "पण तुमच्यासमोर मला ते नाव घेता येणार नाही, अण्णा. तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

"बसेन," मी म्हटलं. "अजून मागचे पाय राहिलेत ना?"

आणि मी ओटीवर येऊन बसलो, पडद्याला पाठ लावून.